रद्द गाड्या आणि माझे तीन पाय

मी एक जुने, घडीचे स्टूल आहे. तीन लाकडी पाय, मधोमध एक पितळी बोल्ट आणि वर तिकोनी कातड्याची बैठक, एवढाच माझा संसार. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, स्टुलाची कसली आली आहे कहाणी? लोक बसतात, उठतात आणि मागे वळूनही न बघता निघून जातात. खरे आहे. पण एकदा माझे मालक मला परदेशात घेऊन गेले आणि नेमका तिथे रेल्वेचा संप लागला. त्या नऊ दिवसांत माझ्यावर जेवढी माणसे बसली, तेवढी आधीच्या सगळ्या आयुष्यात बसली नव्हती. तेव्हा फिरलेले माझे डोके अजून ताळ्यावर आलेले नाही, म्हणून सांगते.

मला घडवले ते खोगिरे शिवणाऱ्या एका कारागिराने. घोडे कमी झाले तसा तो पट्टे, पिशव्या आणि स्टुले करू लागला होता. "चार पायांना सपाट जमीन लागते. तीन पायांना खड्डा काय, दगड काय, सगळं सारखंच," असे तो गिऱ्हाइकांना सांगत असे. हे ऐकून एका मोजणीदारांनी मला लगेच उचलले. शेते, रस्ते, घरांच्या हद्दी मोजायचे त्यांचे सरकारी काम. दिवसभर उन्हात उभे राहून नकाशे काढायचे, तर बूड टेकायला काहीतरी हवे. मी त्यांच्याबरोबर चिखलात उभे राहिले, काट्यांत उभे राहिले, एकदा तर भर ओढ्यात उभे राहिले. "माझं स्टूल कधी कुरकुरत नाही," असे ते सगळ्यांना सांगत. मी कुरकुरत असे. त्यांना एका कानाने कमी ऐकू येते.

ते निवृत्त झाले आणि माझी रवानगी दारामागच्या खुंटीवर झाली. पुढे तिथूनही काढून कोणीतरी माझ्यावर कांद्यांची टोपली ठेवली. इतकी वर्षे चाकरी करून शेवटी कांदे!

मग एक दिवस टोपली खाली उतरली. मोजणीदारांनी माझ्यावरची धूळ झटकली आणि बायकोला हाक मारली, "अगं, हे बरोबर घेऊ या. तुला कुठं उभं राहावं लागायला नको."

बाईंचे डोळे अधू होत चालले होते. सरळ समोरचे दिसायचे, पण कडेचे सगळे हळूहळू पुसले जात होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, "मुलाकडे जायचं तर याच वर्षी जाऊन या. आल्याबरोबर शस्त्रक्रिया करू. पण नजर किती टिकेल ते मला सांगता येणार नाही." त्यांचा एकुलता एक मुलगा सहा वर्षे परदेशात होता. शिकायला गेला आणि तिथल्या रेल्वेत लागला. "रेल्वेत मोठा साहेब आहे," असे मोजणीदार दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगत. सहा वर्षांत त्याला प्रत्यक्ष पाहिले नव्हते. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती, म्हणून हाताशी नऊच दिवस.

विमानतळावरच माझ्या छळाला सुरुवात झाली. तीन ठिकाणी मला उघडून पाहिले, वाकवले, माझा बोल्ट ठोकून पाहिला.

"हे काय आहे?"

"स्टूल."

"कशासाठी?"

"बसायला," मोजणीदार म्हणाले. "स्टूल आणखी कशासाठी असतं?"

विमानातून उतरून आम्ही रेल्वे स्टेशनात आलो. मुलाचे गाव तिथून गाडीने साडेतीन तासांवर. मोठ्या फळ्यावर तेवीस गाड्यांची नावे होती आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द लाल अक्षरांत लिहिलेला. बाईंनी तो वाचला. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केल्यामुळे चार-पाच भाषांत 'थांबा, जोडून देते' म्हणण्याइतकी त्यांची तयारी होती.

"अहो, सगळ्या रद्द आहेत."

"सगळ्या कशा असतील? आपली बघ ना."

"आपली त्या सगळ्यांतलीच आहे."

तेवढ्यात मुलाचाच फोन आला. मोजणीदारांनी तो बऱ्या कानाला लावला. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होते.

"बाबा, संप सुरू झालाय. तुम्ही तिथंच एखाद्या हॉटेलात थांबा. मला येता यायचं नाही."

"येता यायचं नाही म्हणजे?"

"म्हणजे... कामात आहे, बाबा."

मोजणीदारांनी फोन खिशात कोंबला. "गाड्या बंद, आणि हा रेल्वेत कामात! सहा वर्षांनी आई येतेय, तर यांना कामातून डोकं वर काढता येत नाही!"

 मला उघडून बाईंना चौकशीच्या रांगेत बसवण्यात आले. रांग एका जिन्यावरून उतरून दुसऱ्या जिन्यावर चढली होती. दोन तासांनी खिडकी आली. खिडकीतल्या कारकून बाईंनी मान वर न करता सांगितले, "बदली बस, मागचं दार." आम्ही मागच्या दाराशी गेलो. तिथला शिपाई म्हणाला, "पुढचं दार." पुढच्या दाराशी कोणीच नव्हते, फक्त 'मागच्या दाराशी जा' असा कागद चिकटवला होता. मोजणीदारांनी मला काखेत मारून त्या स्टेशनाच्या तीन प्रदक्षिणा घातल्या. तिसऱ्या वेळी ते कारकून बाईंना म्हणाले, "बाई, मी जन्मभर जमिनी मोजल्या आहेत. तुमच्या इमारतीला दोनच दारं आहेत आणि दोन्हींत बस नाही!"

"मग येईल," कारकून बाई म्हणाल्या.

ती येईपर्यंत माझ्यावर कोण कोण बसले म्हणून सांगू? एक गृहस्थ "दोनच मिनिटं" म्हणून टेकले आणि अख्खे वर्तमानपत्र वाचून उठले. एका आजींनी माझ्यावर आधी स्वतःला आणि मग मांडीवर आपल्या कुत्र्याला बसवले. एकाने तर नुसताच पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. मी काय सार्वजनिक मालमत्ता आहे?

बस आली, निघाली आणि सव्वा तासाने एका लहानशा गावात थांबली. चालकाने किल्ली काढली, कोट घातला.

"माझे तास भरले. पुढं दुसरा चालक येईल."

"अहो, अर्ध्या वाटेत?" मोजणीदार ओरडले. "कधी येईल तो?"

चालक जरा घुटमळला. "यायला हवा. पण त्याचा संपाला पाठिंबा आहे म्हणतात."

दुसरा चालक आला नाही. गावातल्या एका खानावळीच्या वरच्या खोलीत मुक्काम झाला. नऊतला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही पुन्हा त्याच थांब्यावर. बाई माझ्यावर बसलेल्या, मोजणीदार येरझाऱ्या घालत संपवाल्यांचा उद्धार करत असलेले. "कामचुकार! ऐतखाऊ! जरा काही झालं की हात वर! यांना एक दिवस माझ्याबरोबर उन्हात उभं करायला हवं होतं."

"हळू बोला," बाई म्हणाल्या.

"का हळू? इथं माझी भाषा कोणाला कळते?"

साडेनऊच्या सुमारास एक फुलवाली आपली गाडी घेऊन तिथून गेली, जरा पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. सकाळपासून ये-जा करताना तिने बाईंना तिथे बसलेले दोनदा पाहिले होते. तिला त्याच दिशेला, एका अंत्यविधीची फुले पोचवायची होती. पुढे एकच जागा होती, ती बाईंना मिळाली. मोजणीदार माझ्यासकट मागच्या बंद भागात, फुलांच्या बादल्यांमध्ये. प्रत्येक वळणावर मी एका बाजूला घसरायचे, बादली दुसऱ्या बाजूला, आणि माझ्यावर टेकलेले मोजणीदार एका हाताने मला, दुसऱ्या हाताने पांढऱ्या फुलांचे भले मोठे चक्र धरून बसलेले. त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले ते मी मुलांसमोर सांगणार नाही.

मागच्या आणि पुढच्या भागाच्या मध्ये एक लहान खिडकी होती. तिची काच नीट बसत नव्हती. ही गोष्ट बाईंच्या लक्षात आली नाही. ती खिडकी त्यांच्या उजव्या खांद्याशी, कडेला होती, आणि कडेचे त्यांना दिसत नसे.

"कुणाकडे निघालात?" फुलवालीने विचारले.

"मुलाकडे."

"काय करतो मुलगा?"

"गाडी चालवतो. रेल्वेची," बाई आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाल्या.

"म्हणजे तोही संपावर?"

"संपावर काय, सगळ्यांच्या पुढे तोच आहे. पण त्याच्या बाबांना ठाऊक नाही हो. त्यांना वाटतं, तो ऑफिसात साहेब आहे. शिक्षण मधेच सोडून ड्रायव्हर झाला, त्याला चार वर्षं झाली."

मोजणीदारांना ती भाषा बोलता येत नसली, तरी कामापुरती कळत होती. मी त्यांना इतकी वर्षे पेलले आहे, पण त्या क्षणी ते जेवढे जड लागले तेवढे कधी लागले नव्हते.  मग फुलांचे चक्र बाजूला करून त्यांनी तोंड खिडकीपाशी नेले.

"चार वर्षं?"

बाईंनी मान मागे वळवली.

"ऐकलंत तर तुम्ही," बाई म्हणाल्या.

"ऐकलं. मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गावभर साहेब, साहेब म्हणत सुटला होतात. तो मला फोनवर रडला. म्हणाला, आई, आता मी बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, राहू दे. मग राहूनच गेलं."

मोजणीदारांनी चक्र पुन्हा मांडीवर घेतले. फुलवालीने गाडी अगदी सावकाश चालवली, तेवढीच तिला करता येण्याजोगी मदत.

मुलाच्या गावी, रेल्वेच्या मोठ्या शेडच्या फाटकाशी तिने आम्हाला उतरवले. फाटक बंद होते. बाहेर पंचवीस-तीस माणसे पाट्या घेऊन उभी होती. त्यांच्यामध्ये नारिंगी जाकीट घातलेला एक दाढी वाढलेला तरुण होता. आम्हाला पाहून त्याच्या हातातली पाटी खाली आली.

मोजणीदार सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "मला इथल्या मोठ्या साहेबांना भेटायचंय. रेल्वेत असतात. कामात असतात म्हणे."

"बाबा, मी सांगणार होतो..."

"कधी? मी मेल्यावर?"

बाईंनी नवऱ्याला बाजूला सारले. मुलाचा हात धरून त्याला फाटकाच्या सावलीतून बाहेर काढले. "इकडे उजेडात ये." त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी अगदी समोर आणला आणि पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती दिवस झोपला नाहीस रे?"

मुलगा आधी हसला. मग त्याला हसता येईना. त्याने सांगितले ते असे. एक पाळी संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत मधे आठ तास मिळायचे. त्यात घरी जाणे, जेवणे आणि परत येणे. गेल्या महिन्यात त्याच्याबरोबरच्या एका चालकाचा गाडी चालवता चालवता डोळा लागला आणि त्याने लाल सिग्नल ओलांडला. समोर दुसरी गाडी नव्हती म्हणून निभावले. "त्या गाडीत चारशे माणसं होती, आई. त्याच्या जागी मीही असू शकलो असतो. आम्हाला बारा तास हवेत, बस्स. पैसे मागत नाही आम्ही."

"आणि लोकांचे हाल?" मोजणीदार कडाडले. "तुझी आई काल दोन तास रांगेत होती! आज अंत्यविधीच्या गाडीतून आलोय आम्ही! मी नोकरीत एक दिवस चुकवला नाही. आमच्या ऑफिसात संप झाला तेव्हा सगळे घरी बसले, मी एकटा बावीस दिवस कामावर गेलो!"

"गेलात," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि किती जमीन मोजलीत?"

मोजणीदारांनी मान फिरवली.

मित्रांनो, हे फक्त त्या दोघांना आणि मला माहीत होते. मोजणीची साखळी एकट्याने ओढता येत नाही. एक टोक धरायला मोजणीदार, दुसरे धरायला मदतनीस. मदतनीस संपावर. बावीस दिवस ते रोज वेळेवर शेतात गेले, साखळी जमिनीवर टाकली आणि संध्याकाळपर्यंत माझ्यावर बसून राहिले. एक वीतभरही जमीन मोजून झाली नाही. संप मिटल्यावर पुढे कित्येक वर्षे ऑफिसात त्यांच्या शेजारी बसून कोणी चहा प्यायले नाही. शेतात मात्र मीच होते त्यांच्या खाली, त्यामुळे ते कसे बसून असत ते मला ठाऊक आहे.

त्यांनी मला उचलले, फाटकापासून वीस पावलांवर नेले, धाडकन उघडले आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले. तासभर. दोन तास. कोणी बोलवायला गेले नाही. बाई मुलाशेजारी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून त्याला गावच्या गोष्टी सांगत होत्या.

संपवाल्यांमध्ये एक तिकीट तपासणारी बाई होती. वयाने चांगली पन्नाशीची. सकाळपासून उभी. तिचे पाय सुजून बुटांबाहेर आले होते. ती या पायावरून त्या पायावर भार टाकत होती आणि मोजणीदारांची मान हळूहळू तिकडे वळत होती. तीन वेळा वळली. चौथ्या वेळी ते उठले, मला उचलून तिच्यापुढे आणून ठेवले आणि मुलाला म्हणाले, "सांग हिला, बस म्हणावं. आणि हेही सांग, हे संपासाठी नाही. पायांसाठी आहे."

मुलाने ते सांगितले. ती हसली आणि बसली.

झाले! तिथून माझी दुर्दशा सुरू झाली. त्या संपात पुढचे तीन दिवस मी कोणाकोणाला पेलले याची गणती नाही. डबे जोडणारा एक धिप्पाड माणूस होता, तो बसला की माझा बोल्ट किंचाळायचा. कोणी माझ्यावर गरम किटली ठेवली, तिचा गोल डाग अजून बैठकीवर आहे. कोणी पाटी रंगवली, तिचा लाल ठिपका डाव्या पायावर. मोजणीदार रोज सकाळी येत, माझा बोल्ट आवळत आणि सगळ्यांवर खेकसत. "एका वेळी एकच! झुलायचं नाही! कोणाच्या बापाचं आहे का?" त्यांची भाषा कोणालाच कळत नव्हती, पण तिसऱ्या दिवशी तो धिप्पाड माणूस बसण्याआधी त्यांच्याकडे बघून परवानगी मागू लागला. वाटाघाटी लांबत होत्या. मोजणीदार दर तासाला मुलाला विचारत, "काय झालं? साहेब लोक काय म्हणतात?" आणि उत्तर ऐकून चडफडत, "एवढं साधं गणित कळत नाही त्यांना? झोप नको का माणसाला?"

पाचव्या दिवशी दुपारी संप मिटला. बारा मागितले होते, अकरा तास मिळाले. लोकांनी टोप्या उडवल्या. मोजणीदार म्हणाले, "चला, उरलेत चार दिवस. उद्या सकाळी लवकर निघू, गाव बघू, फोटो काढू."

पण सहाव्या दिवशी मुलगा उठलाच नाही. आठ वाजले, दहा वाजले. मोजणीदार कपडे करून, बूट घालून दारात उभे. "उठव त्याला. नऊतले पाच गेले, हा सहावा झोपेत घालवायचा का?"

"हात लावाल तर बघा," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला मुलाच्या पलंगापाशी मांडले. खिडकीचा पडदा एवढासा सरकवला, त्याच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही पण चेहऱ्यावर उजेड राहील असा. आणि माझ्यावर बसून राहिल्या. तो चौदा तास झोपला. जागा असता तर बोलला असता, इकडे तिकडे गेला असता, मान फिरवली असती. झोपेत त्याचा चेहरा एका जागी होता, बरोबर समोर. दुपारी मोजणीदार चडफडत आत आले, बायकोकडे पाहिले आणि बूट काढून खाली जमिनीवर, पलंगाला टेकून बसले. जेवणसुद्धा तिथेच झाले. त्या दिवशी माझा बोल्ट एकदाही वाजला नाही.

पुढचे दोन दिवस कसे गेले कळले नाही. नवव्या दिवशी परतीची गाडी होती आणि ती मुलगाच चालवणार होता. फलाटावर बाई माझ्यावर बसल्या होत्या. गाडी आली. मोजणीदारांचा नियम असा, की आधी सामान, मग बायको, मग मी, मग ते स्वतः. त्यांनी सामान चढवले. बाईंना हात देऊन जागेवर बसवले. मग ते खाली उतरले, माझ्याकडे वळले, आणि त्यांना काय वाटले कोण जाणे, मला तसेच सोडून फलाटाच्या पुढच्या टोकाकडे चालू लागले. लांबलचक गाडी होती. चालता चालता ते पळू लागले. इंजिनाच्या खिडकीतून मुलगा बाहेर वाकला. ते त्याला काहीतरी सांगत होते, वर हात करून. मुलाने तो हात धरला. इतक्या लांबून मला शब्द ऐकू आले नाहीत. शिटी झाली, तसे ते पुढच्याच डब्यात घाईने चढले आणि गाडी निघून गेली. मी फलाटावर उघडेच राहिले.

आता मी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, तिसऱ्या फळीवर आहे. अंगाला चिठ्ठी बांधली आहे. एका बाजूला अकरा छत्र्या, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी कवळी. इथल्या कारकुनाने मला एकदाही पुसलेले नाही.

गेल्या आठवड्यात एक पत्र आले. कारकुनाने ते आपल्या सोबत्याला मोठ्याने वाचून दाखवले. 'तीन पायांचे घडीचे स्टूल. उंची सेहेचाळीस सेंटिमीटर, बैठकीची प्रत्येक बाजू चौतीस, गोल डागाचा व्यास अकरा. माझा मुलगा तुमच्या रेल्वेत गाडी चालवतो. तो न्यायला आला तर त्याच्याकडे देऊ नये, त्याला विश्रांतीला वेळ पुरत नाही. पत्नीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. आम्ही दोघे पुढच्या वर्षी येऊन घेऊन जाऊ. संप असो वा नसो.'

"विचित्रच म्हातारा दिसतोय," कारकून म्हणाला आणि पत्र माझ्या पायाला बांधून ठेवले.

तर मित्रांनो, कधी या बाजूला आलात तर या खोलीत डोकावा. माझ्या बैठकीचे कातडे वाळून कडक झाले आहे, त्यावर चमचाभर तेल चोळा. बोल्ट अर्धा वेढा आवळा, जास्त नको. आणि जमले तर त्या कवळीला जरा पलीकडे सरकवा. मला अजून दोन माणसांचे बसणे सांभाळायचे आहे.